कुंपणापलीकडचं उड्डाण

"मला पकडायला तीन गाड्या आल्या," झेनोबिया नार्सिस खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली. "तीन! एकसष्ट वर्षांच्या बाईसाठी. तीस वर्षं मी शाळेची बस चालवली. त्या तिघा शिपायांतल्या दोघांना मीच शाळेत सोडलंय. एकाचं तर नाकही पुसलंय."

ग्रेडी वॅगस्पॅकला हसू आलं, पण त्याने ते मिशीत दाबलं. तो स्वतः बावीस वर्षं शेरीफच्या हाताखाली शिपाई होता. गुडघे गेले तेव्हा नोकरी सुटली आणि तेव्हापासून तो ओडेट फॉल्गूच्या कचेरीत काम करत होता. ओडेट खाजगी गुप्तहेर. पूर्वी विमा कंपनीसाठी खोट्या आगी शोधायची. आता मिसिसिपी नदीच्या बांधाजवळ, गळ आणि जाळी विकणाऱ्या दुकानाच्या वर तिच्या दोन खोल्या होत्या.

"आरोप काय, मावशी?" ओडेटने विचारलं.

"रिफायनरीवर ड्रोन उडवला. शनिवारी दुपारी तीन वाजता. म्हणे कुंपण ओलांडून आत गेला आणि पाइपांखाली पडला. ड्रोन माझाच आहे, नाही कशाला म्हणू? पण शनिवारी मी त्याला हात लावलेला नाही. माझ्या ओसरीवरच्या पेटीतून कोणी नेला, देवाला माहीत."

"शनिवारी तीन वाजता कुठे होता?"

"घरी. एकटी. पाय वर करून झोपले होते. साक्षीदार हवा तर उशीला बोलवा."

राज्याचा कायदा ग्रेडीला पाठ होता. रिफायनरी, वीज केंद्र, धरण असल्या ठिकाणांच्या हद्दीवर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन नेला तर सहा महिने तुरुंग. तसल्या उड्डाणात काढलेली फिल्म कुठे दाखवली तर दुसरा गुन्हा. कायदा देशाच्या संरक्षणासाठी म्हणून केला होता. रिफायनरीलगतच्या एलिझा बेंड गावच्या लोकांना मात्र त्यातून संरक्षण कोणाला मिळतं ते बरोबर कळत होतं.

झेनोबिया त्याच गावची. कुंपणाला लागून शेवटचं घर तिचं. गेली दोन वर्षं ती स्वतःच्या अंगणातून, हद्दीच्या अलीकडून, चिमण्यांचा धूर टिपून सरकारला पाठवत होती.

"आणि उद्या संध्याकाळी परगण्याची सभा आहे," ती म्हणाली. "कंपनीला गावाच्या उत्तरेकडच्या जमिनीवर नवीन टाक्या बांधायच्यात. नकाशात लिहिलंय, 'पडीक ऊसजमीन'. तिथे माझी पणजी पुरलीय. आमची सगळी माणसं पुरलीत तिथे. उसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून मेली त्यांना दगड कोण लावणार? उद्या सभेने हो म्हटलं की परवा बुलडोझर फिरणार."

झेनोबियाच्या वकिलाने सकाळीच फिल्मची प्रत पाठवली होती. मूळ कार्ड शेरीफकडे सीलबंद होतं. ओडेटने फिल्म लावली.

कॅमेरा सरळ खाली रोखलेला. झेनोबियाचं अंगण, हिरवी खुर्ची, कोंबड्या. दोरीवर सात पांढरे झगे वाऱ्याने हलत होते. मग अंगण लहान होत गेलं, पिकॅनचं झाड आलं, कुंपण आलं. पलीकडे झाडांच्या दाटीमधला एक मोकळा तुकडा. त्यात पानं नसलेल्या लाल लिलीच्या रांगा. मग काळ्या कोकचा, म्हणजे तेल गाळून उरणाऱ्या कोळशाचा, डोंगर, पाइपांचं जाळं आणि अलगद उतरणं. ना धक्का, ना गिरकी.

"थांबव!" झेनोबिया ओरडली. "मागे घे. ती फुलं."

ओडेटने चित्र थांबवलं. झेनोबियाने पडद्यावर बोट टेकवलं आणि लाल रांगांवरून फिरवलं.

"प्रत्येकाच्या उशाशी या लिलीचा एक कांदा पुरायचा, ही आमची रीत. दगड नव्हता, कांदा होता. सप्टेंबरात दहा दिवस फुलतात, मग जमिनीवर काही दिसत नाही. बारा वर्षांपूर्वी कंपनीने फाटक बंद केलं. तेव्हापासून मी ही फुलं पाहिली नव्हती गं." ती रडत होती आणि ते लपवतही नव्हती. "बघा, पूर्व-पश्चिम रांगा. रानफुलं अशी उगवतात का?"

"म्हणजे हाच पुरावा!" ग्रेडी उठलाच.

"आणि दाखवायचा कसा, शहाण्या? वकील म्हणतो, ही फिल्म गुन्ह्यातून आलीय. सभेत लावली की मी तुरुंगात आणि फिल्म कचऱ्यात. माझी माणसं डोळ्यांसमोर आहेत आणि मी तोंड उघडायचं नाही!"

ओडेटने पडद्याजवळ खुर्ची ओढली. फिल्म तिने पुन्हा पहिल्यापासून लावली.

"हे झगे कोणाचे?"

"चर्चच्या गायकांचे. रविवारी चर्चचा वाढदिवस होता, मीच धुतले. ते सोड गं, फुलं दाखव पुन्हा."

"मावशी, केस घेतली," ओडेट म्हणाली. "पैशाचं नंतर बोलू. आज भाताचे गोड वडे खायला येतो तुमच्याकडे. त्याआधी कंपनीच्या साहेबांना भेटून घेते."

कंपनीचा सुरक्षाप्रमुख वॉरेन स्टोक्स ह्यूस्टनहून चार महिन्यांपूर्वी आला होता. नदीपलीकडे, पंचवीस मैलांवर नव्या बंगल्यांच्या वसाहतीत राहायचा. बूट चकचकीत, टेबल चकचकीत. कोपऱ्यात दोन मोठे ड्रोन मांडलेले होते.

"हे तुमचे?" ओडेटने विचारलं.

"कंपनीचे. चिमण्या तपासायला. उडवतो मीच." त्याने भिंतीकडे मान वळवली. तिथे काचेच्या चौकटीत एक पत्र होतं. "व्यवस्थापकांची सही आहे. या वर्षात कारखान्याच्या हद्दीत कुठलाही ड्रोन, केव्हाही उडवायची लेखी परवानगी. आम्ही कायदा पाळतो, मॅडम. तुमच्या त्या बाईंनाही जमलं असतं."

ओडेटने चष्मा चढवून पत्र अक्षरन् अक्षर वाचलं. ग्रेडीला वाटलं, बाई उगाच वेळ काढतायत.

"शनिवारी नेमकं काय झालं?"

"विचारू नका. सकाळपासून उत्तरेचा सोसाट्याचा वारा. कोकची पूड गावावर, गावातून तक्रारींचे फोन आमच्यावर. त्या गडबडीत तीनच्या सुमाराला मला काहीतरी उडताना दिसलं. साडेचारला आमच्या रखवालदाराला ड्रोन सापडला. रिमोट त्या बाईंच्या ओसरीवर मिळाला. अजून काय हवं?"

"फिल्मवर शनिवारची तारीख आहे?"

"प्रतीवर आहे. शनिवारीच काढली ना प्रत."

"आणि फिल्म खरी आहे, काटछाट नाही?"

"शपथेवर सांगतो. चौकट न् चौकट खरी."

"उद्या सभेतही सांगाल?"

"आनंदाने."

बाहेर फाटकाशी रखवालदार लिऑन्स उभा होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, झेनोबियाचा सख्खा पुतण्या. त्याने कंपनीचा गणवेश चढवल्यापासून झेनोबिया त्याच्याशी बोलत नव्हती.

"ड्रोन तुला सापडला?" ओडेटने विचारलं.

"हो. स्टोक्ससाहेबांनी रेडिओवर सांगितलं, चौथ्या रांगेत बघून ये. गेलो तर पाइपांखाली पडलेला. म्हणजे ठेवल्यासारखाच."

"कसा होता?"

"पांढरा. स्वच्छ. तो काढताना मी पाइपाला हात टेकला तर हातमोजे काळे झाले. मग ड्रोनवर बोटं उमटली. म्हणून साहेबांनी मला शिव्या घातल्या." तो खाली बघायला लागला. "काकू कशी आहे?"

"तुला विचारायचं तर घर दिसतंय इथून," ग्रेडी म्हणाला. लिऑन्सने टोपी कपाळावर ओढली.

एलिझा बेंडमध्ये गाडी शिरली तेव्हा लख्ख ऊन होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं, मागे दोऱ्या, आणि सगळ्या दोऱ्या रिकाम्या.

"आज कोणी कपडे धुतलेले दिसत नाहीत," ग्रेडी म्हणाला. "सोमवार असून."

"वारा कुठून आहे, ग्रेडी?"

"उत्तरेकडून. का?"

"असंच."

झेनोबियाच्या ओसरीच्या कठड्यावर त्याने हात ठेवला आणि उचलला तर तळवा काळा. पँटला पुसला तर पँट काळी. वडे तळणारी झेनोबिया आतून ओरडली, "हात धुऊन ये रे बाबा! आमच्याकडे दिवसातून सात वेळा पुसावं लागतं."

वडे गरम होते, वर साखर भुरभुरलेली. खाताना शेजारचे डीकन पिकू आले. चर्चचे वडीलधारे, वाळकुडे, बोलायला गोड. गावात कुजबुज होती की कंपनी चर्चला नवं छप्पर देणार आणि त्या बदल्यात डीकन गप्प बसणार.

"छप्पर गळतंय, बाई," ते स्वतःच म्हणाले. "मी झेनोबियाला सांगितलं होतं, एवढं ताणू नकोस. पण तिचा ड्रोन मी चोरीन? अहो, मला टीव्हीचा रिमोट कळत नाही."

"मावशी नसताना घर कोण बघतं?"

"मीच. कोंबड्यांना दाणे, दारावर नजर, काही वाळत असेल तर आत घेणं. गुरुवारी ती गावच्या बायकांना घेऊन राज्याच्या राजधानीला गेली होती ना, हाच ड्रोनचा कायदा आणखी कडक करायचाय म्हणे, त्यावर बोलायला. पहाटे पाचला गेली ती रात्री दहाला आली. तेव्हाही मीच होतो."

"कोणी आलं होतं गुरुवारी?"

"कंपनीची पांढरी गाडी. काही पत्र द्यायचं होतं म्हणे. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, बाई बाहेरगावी गेलीय. मग मी औषध घेऊन आडवा झालो."

"पत्र?" झेनोबिया झाऱ्या हातात घेऊन बाहेर आली. "मला कसलं पत्र मिळालं नाही."

परतताना ग्रेडीने आपला निकाल सांगून टाकला. "लिऑन्स. आत जायची सोय त्याला, घर त्याला माहीत, ड्रोन सापडला त्यालाच. नाहीतर म्हाताऱ्याने छपरासाठी पेटी उघडून दिली."

"ग्रेडी, तुझे कपडे कोण धुतं?"

"लेक. तिच्याकडे यंत्र आहे."

"म्हणूनच," ओडेट म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी परगण्याच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. एलिझा बेंडमधून सगळे आले होते, रविवारचे कपडे घालून. पुढच्या रांगेत कंपनीचा व्यवस्थापक, वकील आणि स्टोक्स. दाराशी गणवेशातच लिऑन्स. अध्यक्ष एबेअर उसाचे मोठे बागायतदार. त्यांना जेवणाच्या वेळेआधी सभा आटपायची होती.

ओडेट उठली. "मला एक फिल्म दाखवायचीय. शनिवारच्या गुन्ह्याची."

कंपनीचा वकील उसळला. "ती बेकायदा उड्डाणाची फिल्म आहे! दाखवणं हाच गुन्हा आहे."

"उड्डाण बेकायदा ठरलं तर इथल्या इथे मला बेड्या घाला. ग्रेडीने बरोबर आणल्यात." लोक हसले. ग्रेडी गडबडला, कारण त्याने बेड्या आणल्या नव्हत्या. "आधी स्टोक्ससाहेबांनी सांगावं, फिल्म खरी आहे ना?"

"अर्थात," स्टोक्स म्हणाला. "शेरीफला शपथेवर लिहून दिलंय."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "लावा, पण लवकर."

पडद्यावर अंगण आलं. ओडेटने चित्र तिथेच थांबवलं आणि वकिलांकडे पाठ करून गावाकडे तोंड केलं.

"एलिझा बेंडच्या बायांनो, शनिवारी दिवसभर उत्तरेचा वारा होता. कोकची पूड गावावर येत होती. हे स्टोक्ससाहेबांनीच सांगितलंय. त्या दिवशी कोणी पांढरे कपडे वाळत घातले होते का?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मागच्या रांगेतून एका बाईचं हसू फुटलं, आणि बघता बघता अख्खं सभागृह खदखदायला लागलं.

"पांढरे? उत्तरेच्या वाऱ्यात?" कोणीतरी ओरडलं. "घालताना पांढरे, काढताना काळे!"

झेनोबियाने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! फुलांच्या नादात मला झगे दिसलेच नाहीत! ते तर मी गुरुवारी पहाटे घातले होते. वारा नदीकडून होता. या गावात आधी धूर बघतात, मग बादली उचलतात."

"आणि गुरुवारी संध्याकाळी काढले मी," डीकन पिकू उभे राहिले. "सात झगे. घड्या घातल्या. तेव्हा डाग नव्हता."

"म्हणजे फिल्म गुरुवारची," ओडेट म्हणाली. "आणि गुरुवारी झेनोबिया नार्सिस राजधानीत, आमदारांच्या समितीपुढे, टीव्हीच्या कॅमेऱ्यात होती. बरोबर अकरा बायका होत्या. ज्याने ड्रोन उडवला त्याला, ती टीव्हीवर होती हे नंतर कळलं. गुरुवारचा आरोप टिकला नसता. म्हणून त्याने दोन दिवस थांबून, ती घरी एकटी असताना ड्रोन 'सापडवला'."

"सगळा कल्पनाविलास," स्टोक्स म्हणाला. पण आवाज खाली आला होता.

"पुढचं ऐका. शनिवारी तीन वाजता ड्रोन त्या काजळीतून उडून दीड तास पाइपांखाली पडला असता, तर तो काळा असायला हवा. तो कसा होता, हे एका माणसाने पाहिलंय." तिने दाराकडे पाहिलं. "त्याची नोकरी जाईल. मी त्याला भाग पाडणार नाही."

ग्रेडीने वळून पाहिलं.  व्यवस्थापक लिऑन्सकडे रोखून बघत होता. लिऑन्स दोन पावलं पुढे आला.

"स्वच्छ होता. पांढराफटक. पाइपावर बोटभर काजळी होती आणि ड्रोनवर कण नव्हता. मला तिथे स्टोक्ससाहेबांनी पाठवलं. रांगेचा आकडा सांगून पाठवलं." त्याने श्वास घेतला. "आता काढा नोकरीवरून."

"म्हणजे ड्रोन साडेचारच्या जरा आधीच आतून कोणीतरी तिथे नेऊन ठेवला," ओडेट म्हणाली. "आत जाणारे खूप असतील. पण गावातला कोणी असता, तर दोरीवरचे झगे बघूनच त्याने ही फिल्म शनिवारची म्हणून खपवायचा नाद सोडला असता. ही चूक करणारा माणूस इथला नाही. वाऱ्याकडे न बघता लोक कपडे धुतात, अशा ठिकाणी तो राहतो. ड्रोन पाइपांत न आपटता अलगद उतरवायचा हात त्याला आहे. गुरुवारी कंपनीच्या गाडीतून, कधीच न पोचलेलं पत्र घेऊन तो गावात आला, बाई बाहेरगावी आहे हे त्याला खिडकीतून आयतं कळलं, आणि ओसरीवरच्या पेटीला कुलूप नव्हतं. ड्रोन आत उतरवला, रिमोट परत पेटीत ठेवला, आणि आत जाऊन ड्रोन उचलून शनिवारपर्यंत लपवून ठेवला. चार महिन्यांत इथला वारा शिकता आला असता, स्टोक्ससाहेब."

स्टोक्स उठला, बसला, वकिलाकडे पाहिलं. वकिलाने खुर्ची थोडी बाजूला सरकवली. शेरीफचे दोन शिपाई दारापासून पुढे आले. त्यातल्या एकाचं नाक लहानपणी झेनोबियाने पुसलं होतं, आणि तो तिच्याकडे बघायचं टाळत होता.

ग्रेडीला वाटलं, संपलं. पण ओडेट बसली नव्हती.

"आता कायदा. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय उडवला तर गुन्हा. स्टोक्ससाहेबांच्या भिंतीवर एक पत्र आहे. या वर्षात, हद्दीत, कुठलाही ड्रोन, केव्हाही. 'कंपनीचा ड्रोन' असं लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचलंय. ड्रोन चोरला, खोटी शपथ घेतली, त्याचं शेरीफ बघतील. पण उड्डाण? उड्डाण कायद्याला धरून झालं. मालकाच्या सहीने."

वकील घाईने कागद चाळायला लागला. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"म्हणून ही फिल्म कायदेशीर," ओडेट म्हणाली, "आणि चौकट न् चौकट खरी आहे, हे कंपनीनेच शपथेवर लिहून दिलंय. अध्यक्षमहाराज, आता पुढे बघू?"

तिने बटण दाबलं. कुंपण मागे पडलं, झाडं आली आणि पडद्यावर लाल रांगा उलगडल्या.  झेनोबिया उभी राहिली आणि मोठ्याने मोजायला लागली. पंधरापासून तिच्याबरोबर सगळ्या बायका मोजत होत्या, तिसापासून पुरुष. एबेअरही उठून पडद्याजवळ गेले.

त्रेसष्ट कबरी भरल्या.

"पडीक ऊसजमीन," झेनोबिया म्हणाली. "हे तुमच्या नकाशात लिहिलंय, साहेब. लाज वाटते का, एवढंच सांगा."

एबेअर जेवणाची वेळ विसरले होते. जमिनीची तपासणी होईपर्यंत तिथे कुदळसुद्धा लागणार नाही, असा ठराव एकमताने झाला. फाटकाबद्दल मात्र ठरावात काहीच नव्हतं.

सभा सुटल्यावर व्यवस्थापक घाम पुसत झेनोबियाजवळ आला. "गैरसमज झाला, बाई. आम्ही भेटीची सोय करू. वर्षातून एक रविवार, दोन तास, बरोबर रखवालदार, डोक्यावर सुरक्षा टोपी. फक्त एक अर्ज भरून द्या."

"तुझ्या आजीला भेटायला तू अर्ज भरतोस का रे?"

"नियम आहेत…"

"माझी पणजी तुमच्या कुंपणाच्या आधीपासून तिथे आहे. तिच्याकडून तुम्ही अर्ज घेतला होता?" तिने पर्स काखेत मारली. "उद्या सकाळी नऊला येतोय आम्ही. सांगायला आलो असं समज. विचारायला नाही."

बुधवारी सकाळी ग्रेडीची गाडी फाटकाशी पोचली तेव्हा रस्ता भरला होता. खुरपी, बादल्या, कोणाच्या हातात कॉफीचा थर्मास. डीकन पिकू सगळ्यांत पुढे, गायकांचा पांढरा झगा घालून. वारा उत्तरेचाच होता आणि झग्यावर काळे ठिपके पडायला लागले होते. त्यांनी ते झटकलेही नाहीत.

फाटकाच्या चौकीत लिऑन्स होता. त्याला अजून काढलं नव्हतं. कंपनीला कदाचित तेवढा वेळच मिळाला नव्हता. आतला फोन सारखा वाजत होता.

झेनोबिया काचेसमोर उभी राहिली. दोन वर्षांनी ती पुतण्याशी बोलत होती.

"फोन उचलणार आहेस का?"

"नाही, काकू."

"उचललास तर काय सांगतील?"

"उघडू नको म्हणतील."

"मग?"

लिऑन्सने डोक्यावरची कंपनीची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि बटण दाबलं. फाटक करकरत बाजूला सरकलं. तो चौकीतून बाहेर आला, काकूच्या हातातली जड बादली घेतली आणि लोकांबरोबर चालायला लागला.

"ग्रेडी, खुरपं धर," ओडेट म्हणाली.

"बाई, मी माजी शिपाई आहे. ही सरळ सरळ घुसखोरी आहे."

"आहे."

ग्रेडीने खुरपं धरलं आणि तिच्या मागोमाग आत शिरला.